गाऱ्हाण्यातलं दुसरं नाव

बसा, बसा. जनरेटर देतो, नाही कुठे म्हटलं? बेसचे दोन स्पीकर, वरचे दोन टॉप, लागतील तेवढ्या वायरी, सगळं देतो. टेम्पो सकाळी सातला पाठवा. पण त्याआधी मला एक सांगा, वाजवणार कोण कोण? बॅक-टू-बॅक म्हणजे दोघं, एवढं माका पण समाजता. एक हा सुशांत. दुसरा तो सावंतवाडीचा दाढीवाला. दोघेही धडधाकट, जिवंत ना? हसा, हसा. मी मात्र कागदावर नावं लिहून घेतल्याशिवाय हल्ली मशीन हलवत नाही.

का, ते सांगतो. लाइट गेलीच आहे, तासभर काही येत नाही. जनरेटरवाल्याच्या घरात काळोख म्हणून दात काढू नको रे सुशांत, डिझेल काय तुझो बापूस घालता? आणि ही दिव्या कोल्हापूरची ना? गो बाय, मालवणी कळते का? अर्धी? मग मी तुमच्या शाळेतल्या भाषेत सांगतो. पण गोष्टीतली माणसं आपापल्या तोंडाने बोलणार, त्याला माझा इलाज नाही.

तुम्ही काय म्हणालात, नव्वद सालचा जुना हार्ड टेक्नो, आठवणींचा कार्यक्रम? मेल्या, नव्वद साली तू रांगत होतास, तुला कसली आठवण? आठवण होती ती निकेतला.

हा निकेत आमच्या मसुऱ्यातला, आणि त्याचा जोडीदार विकी तळाशीलचा, कृष्णाबाई मासळीवालीचा एकुलता एक झील, म्हणजे मुलगा गो दिव्या. अठ्ठ्याण्णव साली दोघे गोव्यात गेले. पार्ट्यांना स्पीकरचे खोके उचलायचं काम. तीन वर्षांनी परत आले ते दोन टर्नटेबल, एक मिक्सर आणि तबकड्यांच्या दोन पेट्या घेऊन. कोणी जर्मन कायमचा आपल्या देशाला परत चालला होता, त्याने जाताना देऊन टाकलं म्हणे. आणि ते संगीत! ना शब्द, ना चाल. धाड धाड धाड धाड, भाताच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं. एकदा एका हळदीला वाजवलं, तर नवऱ्याच्या मामाने येऊन वायरच उपटली. पण खरं सांगू? चार-पाच कार्यक्रमांनंतर माझा पाय आपोआप हलायला लागला. बायकोला कधी कळू दिलं नाही.

त्यांची रीत अशी. दोन टर्नटेबल शेजारी शेजारी. डावं विकीचं, उजवं निकेतचं. एक तुझी, एक माझी. एकाची तबकडी वाजत असली की दुसऱ्याने कानाला हेडफोन लावून आपली जुळवायची. तयार झाली की जोडीदाराच्या खांद्यावर दोन बोटांनी टक-टक. त्या आवाजात बोललेलं ऐकू कुठे येतंय? विकी डावीकडे उभा, म्हणून निकेतला ती टकटक नेहमी डाव्या खांद्यावर. आणि दुसऱ्याची तबकडी चालू असताना टेबल सोडायचं नाही, हा दोघांचा नेम. मुतायला जायचं तरी आपली लावून जायचं.

आणि माझी रीत तुम्हाला ठाऊक आहे. मशीन कुठेही लावलं तरी आधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. जागा कोणाची तरी असते बाबांनो. राखणदाराला सांगावं लागतं, कोण आलंय, काय काम आहे, कधी उठणार. नावं घेऊन सांगावं लागतं. ह्या जोडीचं गाऱ्हाणं मी तीन वर्षांत तीस-चाळीस वेळा तरी घातलं असेल. तोंडाला वळणच पडलं होतं.

दोन हजार चारच्या ऑगस्टमध्ये विकी बुडाला. खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. बाकीचे पोहून आले. हा तिसऱ्या दिवशी सापडला. निकेतने पेट्यांना कुलूप घातलं ते तीन वर्षं उघडलं नाही. लग्न केलं. मुलगी चांगली, आरोही नाव. मग मस्कतला बंदरावर नोकरी मिळाली, सोमवारचं विमान. आणि जायच्या आठ दिवस आधी माझ्याकडे आला.

"काका, एकदाच वाजवतंय. तळाशीलच्या वाळयेत, आमच्या जुन्या जाग्यार. मगे सगळा विकून टाकतलंय."

मी म्हटलं, "अरे, म्हाळाचे दिवस. पितरा दारात इलेली आसत. ह्या दिवसांत असला काय करूचा नाय."

"मगे कधी? सोमवारी मी जातंय."

माझं मन विरघळलं. चूक इथूनच सुरू झाली म्हणा.

शनिवार होता. सहा ऑक्टोबर दोन हजार सात. मशीन टेम्पोत चढवत होतो तर आरोही आली, पदराला हात पुसत. मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, माका ह्या काय बरा वाटणा नाय. रात्री झोपेत तो विकीशी बोलता. तेका बारा वाजता बंद करूक लावा, आणि तुमी स्वतः घराक आणून सोडा. माका वचन देवा." मी वचन दिलं. काय जातंय माझं, म्हटलं.

तळाशील तुम्ही पाहिलंय. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे वाळूची पट्टी आणि सुरूची झाडं. झाडांपलीकडे चार घरं, त्यातलं शेवटचं कृष्णाबाईचं. सुरूच्या अलीकडे टेबल मांडलं. तीसेक मित्र आले होते, कुडाळचे, वेंगुर्ल्याचे, दोघे-तिघे गोव्याचे. पोटं सुटलेली, डोक्यांना टक्कल पडलेलं, तरी अंगात तेच काळे टी-शर्ट. निकेतने विकीची पेटी डाव्या टर्नटेबलाशी ठेवली, आपली उजव्या. दोन्हीकडे आपणच वाजवणार होता.

साडेसात वाजता मी नारळ ठेवला. हात जोडले. "बा राखणदारा म्हाराजा, आज ह्या जाग्यार ही जी पोरा वाजवूक इली आसत, निकेत आणि विकी, ह्या जोडीचा काम दोघांच्याय हातसून शेवटाक ने रे म्हाराजा!"

मागून सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!"

त्यांनी काही ऐकलंच नव्हतं. गाऱ्हाण्यात शब्द कोण ऐकतो? मी ऐकले. माझ्या स्वतःच्या तोंडचे. आवशीचो घो! जुन्या वळणाने मेलेल्याचं नाव घेतलं होतं मी. असं चुकलं तर दुसरा नारळ ठेवून शब्द परत घ्यावा लागतो. माझ्याकडे दुसरा नारळ नव्हता. माणसं खोळंबलेली. चारचौघांत म्हाताऱ्याची जीभ घसरली, हे कोण कबूल करणार? म्हटलं, जाऊ दे. देवाक भाव कळता.

आठला सुरू झालं. छान चाललं होतं. निकेत उजवीकडे आपली लावायचा, मग डावीकडे सरकून विकीच्या पेटीतली. वीस पावलांवर मी जनरेटरपाशी स्टुलावर बसलेला. टेबलावर एक हॅलोजन. पोरं नाचत होती, एकदोघे रडतही होते. मलाही विकीची आठवण येऊन भरून आलं. गोड पोर होता हो तो. माझं पान-तंबाखू न सांगता आणून द्यायचा.

दहा पन्नास. डिझेल बघायची वेळ, म्हणून घड्याळ पाहिलं. निकेतची तबकडी संपत आलेली. तो खाली वाकून विकीच्या पेटीत काहीतरी शोधत होता. मी मनात म्हटलं, आता पडणार खंड.

खंड पडला नाही.

डावी तबकडी वाजायला लागली. ठोक्यावर ठोका, अगदी बेमालूम. आणि निकेत अजून खाली वाकलेलाच होता. दोन्ही हात पेटीत.

तो सरळ झाला. डाव्या खांद्याला हात लावला. मग माझ्याकडे पाहिलं. मी लांबून हाताने विचारलं, काय रे? त्याने मान हलवली. काही नाही.

त्यानंतर तो डावीकडे गेलाच नाही. उजवीकडे आपली लावायचा आणि हात बांधून उभा राहायचा. डावीकडची आपोआप लागायची. मी टक लावून बघायचं ठरवलं. बघत राहिलो की सुईचा दांडा आपल्या जागी, तबकडीबाहेर. डोळा मिटला, डास हाकलला, एवढ्यात सुई तबकडीवर. दर वेळी. आणि दर वेळी त्याआधी निकेतचा डावा खांदा दचकायचा. दोनदा.

टक. टक.

नाचणाऱ्यांना काही पत्ता नाही. बारा वाजले. ठरल्याप्रमाणे मी शिट्टी मारली. पोरं "एक नंबर, निक्या!" ओरडत मोटारसायकलींवर बसली आणि गेली. गाड्यांचे दिवे सुरूच्या झाडांतून लांब होत दिसेनासे झाले. राहिलो मी आणि तो.

मी टेबलाशी गेलो. "निकेत, पुरे. बंद कर."

"तेची चालू आसा."

"कोणाची?"

त्याने डाव्या टर्नटेबलाकडे बोट दाखवलं. "तेची चालू आसताना टेबल सोडूचा नाय, काका. आमचो नेम आसा."

"मगे तुझी लाव आणि ती संपली की निघ."

"लावलंय. चार वेळा. माझी संपता, तेची लागता..."

आणि तो खोकला. मी पाठीवर हात ठेवला. पाठ थंड होती. डावा खांदा भिजलेला. घाम म्हणाल, तर मी बोट जिभेला लावून पाहिलं. घामही खारट असतो म्हणा. पण घामात वाळू नसते.

मग माझ्या लक्षात आलं. उजवी वाजत असली की निकेत श्वास घेत होता. मोठे मोठे, घाईघाईने. डावी लागली की छाती बंद. तोंड मिटलेलं, गाल फुगलेले, डोळे बाहेर. पाण्याखाली गेलेल्या माणसासारखा. डावी संपेपर्यंत तसाच उभा. मग उजवी. मग पुन्हा हपापल्यासारखा श्वास.

एक तुझी. एक माझी.

आणि डावीकडच्या... लांबत चालल्या होत्या.

मी त्याला कवेत धरून ओढलं. हलला नाही. मी पोत्यासारखे बेस उचलणारा माणूस, साठीतही. सडपातळ पोरगा तो, तसूभर हलला नाही. शेवटी धावत गेलो आणि जनरेटर बंद केला. बारा चाळीस.

काळोख. चंद्र अजून उगवलेला नव्हता. लाटांचा आवाज तेवढा. मी म्हटलं, सुटलो.

मग ऐकू आलं.

तुम्ही वाजवणारे, तुम्हाला माहीत असेल. वीज नसली तरी तबकडी हाताने फिरवली तर सुईचा स्वतःचा आवाज येतो. बारीक. मच्छरासारखा. तसा तो येत होता.

टिक टिक टिक टिक...

मंदावत नव्हता. वीज गेली की तबकडी चार फेरे मारून थांबायला हवी. ही थांबत नव्हती. कोणीतरी ती फिरवत होतं. काळोखात. एका संथ लयीत. डाव्या बाजूला.

आणि निकेतच्या घशातून घुळघुळ. चूळ भरल्यासारखी. पोरगा कोरड्या वाळूवर उभा राहून बुडत होता हो! आरोहीला काय सांगू? मी वचन दिलेला माणूस. मीच दोन नावं घेतलेला. "दोघांच्याय हातसून शेवटाक ने." राखणदाराने ऐकलं होतं आणि केलं होतं. त्याचं काय चुकलं?

नारळ हवा होता. मी सुरूतून पळालो. चप्पल कुठे पडली कळलं नाही. कृष्णाबाईचं घर. दार ठोठावायची वेळ आली नाही. ती दारातच उभी होती, हातात कंदील.

"गुरुदास, माझो झील वाजवता मां?"

मी मागे सुरूकडे बोट केलं.

"दोन तासांपासून ऐकतंय. निकेतचो हात येगळो, तेचो येगळो. माका काय कळणा नाय? कोणी बोलवल्यान तेका?"

"मी, गो कृष्णाबाय. चुकान... गाऱ्हाण्यात नाव घेतलंय. निकेत मरतलो गो! नारळ दी."

ती आत गेली. नारळ घेऊन आली.  माझ्यापुढे चालायला लागली. सत्तरीची बाई, मी धापा टाकत मागे.

टेबलाशी आलो. आवाज चालूच. टिक टिक टिक. कंदिलाच्या उजेडात निकेतचा चेहरा निळा. डावीकडे बघायची मला छाती झाली नाही. मी नारळ वाळूवर ठेवला, हात जोडले. 

"बा विकी... तुझा काम झाला म्हाराजा... आता तू तुझ्या ठिकाणाक..."

कृष्णाबाईने माझं मनगट धरलं. कचकन.

"गप रव. तेचा ठिकाण खंयचा रे? थंय, त्या पाण्यात? तीन वर्षां तुमी सगळे तेका थंयच पाठवतास. जा, जा म्हणतास. कोणी येकदा तरी ये म्हटल्यान?"

"कृष्णाबाय, असा बोला नको... तेका परत पाठवूक होया..."

तिने ऐकलं नाही. टेबलाच्या डाव्या बाजूला गेली. कंदील वर धरला. आणि रोजच्या आवाजात, पोर उशिरापर्यंत बाहेर खेळत राहिलं की आई हाक मारते त्या आवाजात, म्हणाली,

"विकी. पुरे झाला आता. निकेतची बायको वाट बघता घराक. सोड तेका. चल, मी जेवण वाढतंय."

टिक टिक...

टिक.

...

निकेत गुडघ्यावर कोसळला. तोंडातून भळभळा पाणी गेलं. एवढं पाणी माणसाच्या पोटात मावत नाही. मग श्वास घेतला त्याने. मग रडला. मी त्याला पोटाशी धरून तसाच बसलो, आणि माझ्याही डोळ्यांना धार लागली.

कृष्णाबाई परत फिरली होती. कंदील सुरूच्या झाडांतून जाताना दिसत होता. हळूहळू जात होती, येताना झपाझप आलेली बाई. एकदा थांबली. कंदील बाजूला धरला, शेजारच्याला वाट दिसावी तसा.

"संभाळून. हय काटे आसत," म्हणाली.

मी निकेतला टेम्पोत घालून मसुऱ्याला नेलं, आरोहीच्या हवाली केलं. त्याच्याकडे बघूनच ती काय ते समजली. सोमवारी तो विमानात बसला. आजही मस्कतला आहे, ठणठणीत आहे. मुलगी झाली त्याला.

पण मी त्याच पहाटे परत तळाशीलला गेलो. सामान उघड्यावर होतं, म्हणून. साडेसहा झाले असतील. विचार केला, कृष्णाबाईला बघून यावं. मनाला टोचत होतं. पाठवायला पाहिजे होतं हो त्याला. म्हाळात आलेल्याला पान वाढायचं आणि पाठवायचं, ही रीत. आम्ही बोलावलं, आणि ती घेऊन गेली.

दार अर्धं उघडं होतं. मी बाहेरून हाक मारली, "कृष्णाबाय गो!"

ती लगबगीने दारात आली. तोंडावर बोट. तीन वर्षांत तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. न्हाऊन केस विंचरलेले, डोळे निवलेले.

"हळू बोल रे मेल्या. आत्ता खंय डोळो लागलो तेचो."

 ती दार अडवून उभी, मी पायरीवर. तिच्या खांद्यावरून आत नजर गेली. चुलीपुढे पाट मांडलेला. पाटापुढे ताट. ताटात बांगड्याचे काटे, एकेक चोखून कडेला लावलेले. विकी गेला त्या दिवसापासून कृष्णाबाईने मासळी तोंडात घातलेली नाही. विकते, पण खात नाही. सगळ्या तळाशीलला ठाऊक आहे.

माझ्याशी बोलत ती दारातच उभी होती. आणि ताटात हात धुतलेलं पाणी... अजून हलत होतं.